शिट्टी आणि सूर

“विनायक, हे तुझं कानाचं मशीन घे परत. आणि रामनवमीच्या कीर्तनाला दुसरा बुवा बघ.”

मुकुंदबुवा आष्टेकरांनी निळी डबी माझ्या काउंटरवर ठेवली आणि उपरण्याच्या टोकानं कपाळ टिपलं. पाडवा होऊन दोन दिवस झाले होते. कराडचं ऊन सकाळी दहालाच दुकानाच्या पायरीवर येऊन बसलं होतं. रामनवमीला मध्ये पाच दिवस.

अशा वेळी माणसानं काय करावं? उठावं, हात धरून बसवावं, पाणी द्यावं. या बुवांच्या कीर्तनात मी आईच्या मांडीवर झोपलो होतो, मोठा झाल्यावर त्यांच्याच कीर्तनात कितीदा रडलो होतो. सोमवार पेठेतल्या राममंदिराच्या उत्सवाचा मी प्रमुख, आणि बुवा तिथले चाळीस वर्षांचे कीर्तनकार. आणि मी काय म्हणालो? आज बारा वर्षांनी लिहितानाही कानाच्या पाळ्या गरम होतात. मी म्हणालो, “बुवा, आधी टोकन घ्या ना.”

बुवांनी कानाला हात लावला. “काय?”

“टोकन! दाराशी बटण आहे!”

चौऱ्याहत्तर वर्षांचे बुवा वळले, दाराशी गेले, बटण दाबलं, चिठ्ठी घेतली, येऊन बसले. दुकानात दुसरं चिटपाखरू नव्हतं. मग भिंतीवरच्या यंत्रातून एक गोड बाई बोलली, “टोकन क्रमांक एक, कृपया काउंटरवर यावे.” बुवा तसेच बसून. मशीन डबीत, डबी काउंटरवर, त्यांना ऐकू येणार कसं? बहिऱ्यांच्या दुकानात नंबर पुकारणारं यंत्र बसवणारा माणूस कराडात मी पहिलाच.

दुकान माझं होतं, पण पाटी दोन वर्षांपासून पुण्याच्या एका कंपनीची होती. पाटीबरोबर टोकनचं यंत्र आलं, लॅपटॉप आला आणि दोनशे बारा पानांची एक जाडजूड फाइल आली, ‘कार्यपद्धती’ नावाची. पुण्यात तीन दिवस आमचं शिबिर झालं. तिथले साहेब म्हणाले होते, “माणसं येतात, जातात, आजारी पडतात, रुसतात. पद्धत रुसत नाही. दुकान माणसावर नाही, पद्धतीवर चालवा.” मला ते इतकं पटलं, की परत आल्यावर त्या फाइलला मी हळदीकुंकू वाहिलं. मनुष्य भाविक असला की कशापुढेही हात जोडतो.

प्रत्येक गिऱ्हाइकाला वीस मिनिटं. तक्रार काय ती स्क्रीनवरच्या चारांपैकी एका चौकोनात भरायची: आवाज कमी, आवाज जास्त, शिट्टी येते, मशीन बंद. काम झालं की विचारायचं, “आपलं समाधान झालं का?” आणि एक ते पाच तारे भरायचे.

बुवांचं मशीन माघात घेतलेलं. उजव्या कानाला एकच, डावा कान तर केव्हाच मिटला होता. त्यानंतर बुवा दोनदा येऊन गेले होते आणि दोन्ही वेळा मी स्वतः ‘आवाज जास्त’ हा चौकोन भरून आवाज थोडा उतरवून दिला होता. “समाधान झालं का, बुवा?” असं विचारल्यावर ते आपल्या सवयीनं म्हणाले होते, “समाधान काय रे, ते मानण्यावर असतं.” मी पाच तारे भरले होते.

“झालं काय पण, बुवा?” मी त्यांच्या कानाजवळ जाऊन विचारलं.

“बोलणं ऐकू येतं. भाजीवाला ऐकू येतो. कावळासुद्धा ऐकू येतो, इतके दिवस सुखात होतो त्या बाबतीत.” बुवा हसले, पण हसू टिकलं नाही. “कीर्तनाला उभा राहिलो की सूर बुडतो, विनायक.”

मी स्क्रीनकडे पाहिलं. चार चौकोन. सूर बुडण्याचा चौकोन नव्हता.

“म्हणजे आवाज कमी येतो?”

“नाही.”

“मग जास्त?”

“अरे, तसं नाही. बुडतो.”

“शिट्टी?”

“विनायक,” बुवा म्हणाले, “महाशिवरात्रीला मी बेसूर झालो. मागच्या रांगेत दोघं हसले. ते हसणं मात्र स्वच्छ ऐकू आलं हो. त्या बाबतीत तुझं मशीन चांगलं आहे. आता रामजन्माच्या दिवशी, देवापुढं, भरल्या मांडवात बेसूर व्हायचं म्हणजे... नको. माझ्या गुरूंनी सांगितलंय, सूर गेला की चिपळी खाली ठेवायची. मी ठेवतो.”

इतक्यात आतल्या खोलीचं दार उघडलं आणि सुलभाताई बाहेर आल्या.

सुलभा गुरव. माझ्याकडे अकरा वर्षं होत्या. आयटीआयचं इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या. वडील गावच्या देवळात सनई वाजवायचे. गिऱ्हाइकाला खोलीत घेतलं की बाईंना घड्याळ दिसायचं नाही. म्हाताऱ्या आजीबाईंना विचारायच्या, “सून बोललेलं ऐकू येत नाही, का ऐकायचं नाही?” आजी खळखळून हसायच्या आणि मग खरं काय ते सांगायच्या. कुणाच्या घराशेजारी पिठाची गिरणी आहे, कोण रेडिओ उशाशी घेऊन झोपतं, सगळं यांना ठाऊक. माणूस समाधानानं बाहेर पडायचा, पण बावन्न मिनिटांनी. कंपनीच्या महिन्याच्या तक्त्यात त्यांचं नाव तांबड्या रंगात यायचं. तीन महिने सलग आलं. मग मला पत्र आलं, की यांना लेखी समज द्या. सुधारणा नसेल तर तपासणीच्या खोलीतून काढून काउंटरवर बसवा. ते पत्र मी आदल्याच दिवशी छापून ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. सही तेवढी राहिली होती.

सुलभाताईंनी डबीतलं मशीन बुवांच्या कानात बसवलं आणि समोर स्टूल ओढलं. “सूर बुडतो म्हणजे कसा हो, बुवा?”

बुवांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. हा प्रश्न त्यांना दोन महिन्यांत कुणी विचारलाच नव्हता.

“आमची ही पेटीवर असते. काळी दोन धरून ठेवते. मला दिसतं, बोट पट्टीवर आहे, भाता चाललाय. आणि माझ्या कानात तो सूर थरथरतो. विहिरीच्या पाण्यात आपलं तोंड बघावं आणि कुणी खडा टाकावा, तसा. मध्येच तळाला जातो. मग मी कशाला धरून गाऊ?”

“आणि पेटी थांबली की?”

“मग सगळं ठीक.”

“छोटा सूर असला तर?”

बुवा विचारात पडले. “छोटा बरा येतो. लांब धरला की बुडतो. हो, बरोबर, लांब धरला की.”

“सुलभाताई,” मी घड्याळ दाखवलं, “एकोणीस मिनिटं झाली.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. “बुवा, घरी पेटी आहे ना?”

“घरी पेटीच आहे. बाकी आहे काय?”

“मग चिपळी इतक्यात खाली ठेवू नका. आणि साहेब, उद्या सकाळी मला अर्धा दिवस रजा पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी मी एकटाच दुकानात. साडेदहाला एक गिऱ्हाईक आलं, म्हणून कपाट उघडलं, तर लॅपटॉप नाही. मशीनमधले सगळे बदल त्या लॅपटॉपवरून व्हायचे, आणि फाइलमध्ये ठळक अक्षरात लिहिलं होतं, की तो कोणत्याही परिस्थितीत दुकानाबाहेर जाता कामा नये. माझं डोकंच फिरलं. अकरा वर्षं ज्या बाईवर किल्ल्या टाकून मी गावाला गेलो, तिनं न विचारता न्यावा? गिऱ्हाइकाला उद्या यायला सांगितलं, ड्रॉवर उघडला, समजपत्रावर सही ठोकली, खिशात घातलं, शटर अर्धं ओढलं आणि सोमवार पेठेकडे निघालो. कुठं जायचं ते मला कुणी सांगायला नको होतं.

बुवांच्या दारात पोचलो तर आतून पेटीचा सूर येत होता. एकच सूर. न थांबता.

“ये रे, विनायक,” बुवांच्या पत्नी मालतीकाकू पेटीवरून म्हणाल्या. “चपला तिकडंच काढ, इथं वायरी पसरल्यात. उठून पाणी देता येत नाही हो, हिनं मला पट्टी सोडायची नाही म्हणून सांगितलंय. हात मोडला माझा.”

सुलभाताई चटईवर मांडी घालून बसल्या होत्या. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखी एक नळी असते आमच्याकडे. तिच्या एका टोकाला मशीन लावायचं आणि दुसरी दोन टोकं आपल्या कानात घालायची, म्हणजे गिऱ्हाइकाला काय ऐकू येतं ते आपल्याला ऐकू येतं. वर्षानुवर्षं ती नळी आम्ही फक्त मशीन चालू आहे की बंद एवढंच बघायला वापरत आलो. ती त्यांच्या कानात होती आणि डोळे मिटलेले होते. बुवा शेजारी अपराध्यासारखे बसलेले.

“सुलभाताई!”

त्यांनी डोळे उघडले. घाबरल्या नाहीत. “कागद आणलाय ना, साहेब?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“प्रिंटरनं दोन काढले की. एक तिथंच अडकला होता, परवाच वाचला.” त्यांनी नळी काढून माझ्यापुढे धरली. “सही करते. पण आधी हे ऐका.”

मी नळी कानात घातली. काकूंनी भाता दाबला.

मालतीकाकूंची पेटी मी लहानपणापासून ऐकतोय. झोपेत ओळखीन. तो सूर पहिल्यांदा नीट उमटला, भरीव, सरळ. एक क्षण, दोन क्षण. आणि मग तो कापायला लागला. वाऱ्यात समईची ज्योत कापते तसा. कुणीतरी आत बसून त्याला पुसत होतं, तो पुन्हा वर येत होता, पुन्हा पुसत होतं. मी काकूंच्या बोटाकडे पाहिलं. बोट जागचं हललं नव्हतं.

“हे... हे असं ऐकू येतं बुवांना?”

“दोन महिने,” सुलभाताई म्हणाल्या.

“मशीन बिघडलंय?”

“बिघडलं कुठं? चोख काम करतंय, तेच तर. साहेब, मशीन शिट्टी मारू नये म्हणून त्याच्यात सोय दिलीय ना? लांब, एकसारखा आवाज आला की त्याला वाटतं ही शिट्टीच. मग ते शिट्टी मारून टाकायला धावतं. आता पेटीचा धरलेला सूर लांब आणि एकसारखा नाही तर काय? बिचारं मशीन. त्याला कुणी सांगितलंय, सूर म्हणून काही असतं ते?”

बुवांनी आमच्या तोंडाकडे पाहून विचारलं, “काय म्हणते ही?”

सुलभाताईंनी मशीन परत त्यांच्या कानात घातलं आणि सावकाश, स्पष्ट सांगितलं, “बुवा, सूर तुमचा गेलेला नाही. मशीन तो खात होतं.”

काकूंनी पेटीचा भाता मिटला, आणि पदरानं पट्ट्या पुसायला लागल्या. पट्ट्या स्वच्छच होत्या.

मग सुलभाताई कामाला लागल्या. कानामागच्या बटणावर त्यांनी दुसरा एक कप्पा तयार केला: एरवी बोलण्याचा, आणि बटण दाबलं की कीर्तनाचा. त्यात ती शिट्टी दाबायची सोय बंद. गोंगाट गाळायची सोय बंद. चिपळीचा आवाज कानात खिळा ठोकल्यासारखा येतो म्हणाले, म्हणून तेवढेच उंच आवाज थोडे खाली. प्रत्येक बदलाला काकूंनी पेटी धरायची, बुवांनी गायचं, यांनी मान हलवायची. वीस मिनिटं म्हणे! मी भिंतीला टेकून बसलो आणि दोन तास कधी गेले कळलं नाही.

मध्येच त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. “साहेब, एखादा कागद आहे? हे आकडे टिपून ठेवायला पाहिजेत.”

माझ्या खिशात एकच कागद होता. मी तो काढला. त्यांनी घेतला, उलटा केला, मांडीवर ठेवला आणि समजपत्राच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागल्या. पुढची बाजू वाचली का? वाचायची गरजच नव्हती, आधीच वाचलेली.

“आता फेटा बांधा,” त्या बुवांना म्हणाल्या.

“आत्ता? फेटा कशाला?”

“कीर्तन फेटा बांधून करता का बोडक्यानं?”

काकूंनी फेटा आणला, बुवांनी बांधला, आणि मशीननं अशी किंकाळी फोडली की शेजारचा कुत्रा भुंकला. सोय बंद केली होती ना, त्यामुळं आता खरीखुरी शिट्टी! फेट्याची कड कानावर येत होती आणि आवाज तिच्यावर आपटून परत मशीनमध्ये जात होता.

“फेटा बोटभर वर बांधावा लागेल, बुवा. कान मोकळा पाहिजे.”

बुवांचा चेहरा ताठ झाला. “ते जमायचं नाही. हा पेच माझ्या गुरूंनी शिकवलेला आहे. पंचावन्न वर्षं असाच बांधतोय. कान झाकूनच.”

इतकं सगळं करून गाडी फेट्याच्या कडेला अडली होती. गुरूच्या शब्दापुढे मी काय बोलणार? मग काकू खड्या आवाजात म्हणाल्या, “अहो, तुमच्या गुरूंना थंडी बाधायची! महाबळेश्वराकडचे ते. मला त्यांच्या मंडळींनी सांगितलंय, यांचे कान दुखायचे म्हणून फेट्यात कोंबायचे. शास्त्र नाही काही, सर्दी होती ती!”

बुवा आधी रागावले, मग गोंधळले, आणि मग असे हसले की मशीन पुन्हा वाजलं. “पंचावन्न वर्षं मी त्यांची सर्दी सांभाळली होय?”

फेटा बोटभर वर गेला. शिट्टी थांबली. काकूंनी काळी दोन धरली. बुवांनी डोळे मिटून षड्ज लावला आणि तो लांब, लांब धरून ठेवला. दोन सूर एकमेकांत इतके मिसळले, की कुठला पेटीचा आणि कुठला बुवांचा ते मला कळेना. सुलभाताईंनी मात्र अजून मान हलवली नव्हती. त्या बुवांच्या कानाकडे बघत होत्या.

“घाम,” त्या म्हणाल्या. “अर्ध्या तासात मशीनच्या नळीत थेंब आलाय. थेंब आला की आवाज बसतो. कीर्तन किती वेळ असतं, साहेब?”

“साडेदहाला उभे राहतात. बाराला जन्म.”

“दीड तास. मांडवात गर्दी, वर पत्रे. मध्ये थांबतात का कधी?”

“सव्वाअकराच्या सुमाराला पूर्वरंग संपतो. मग हार घालायचा, बुक्का लावायचा, नामाचा गजर होतो आणि पुढं आख्यान.”

“हार कोण घालतं?”

“मीच घालतो. उत्सवप्रमुख म्हणून.”

“मग फुंकणी तुम्ही न्यायची,” सुलभाताई म्हणाल्या आणि पिशवीतून लिंबाएवढी रबराची फुंकणी काढून माझ्या हातावर ठेवली. “दोन बोटांनी नळी सोडवायची, दोनदा फुस्स, परत बसवायची. करून दाखवा.”

माझ्या दुकानात मी मालक. फाइल माझी, पाटी माझी. आणि त्या चटईवर बसून मी अकरा वेळा नळी काढली आणि घातली. दहाव्या वेळेपर्यंत त्या म्हणत होत्या, “नाही, साहेब. परत.”

रामनवमीला मांडव ओसंडून वाहत होता. सुलभाताई बायकांच्या बाजूला खांबाशी बसल्या होत्या, पिशवी मांडीवर घेऊन. साडेदहाला बुवा उभे राहिले. फेटा बोटभर वर. उपरणं सावरल्यासारखं करून हात कानामागे नेला, बटण दाबलं आणि नमनाला सुरुवात केली.

सूर लागला. मी श्वास सोडला. महाशिवरात्रीला हसलेले दोघे मागच्या रांगेत होतेच. त्यांची कुजबुज थांबली. बुवा निरूपणात रंगले. देव भक्ताच्या दारी का येतो ते सांगत होते, चिपळी वाजत होती, बायका माना डोलवत होत्या. पण मी कुठला ऐकतोय! माझं लक्ष बुवांच्या कानाकडे आणि हात सदऱ्याच्या खिशातल्या फुंकणीवर. जन्मात पहिल्यांदा कीर्तनात बसून मला देव आठवला नाही.

अकरा वाजून पाच मिनिटांनी ते झालं. एका लांब तानेच्या शेवटी बुवांचा सूर केसभर खाली आला. कुणाला कळलं नसेल. मला कळलं, कारण बुवांनी चटकन काकूंच्या बोटांकडे पाहिलं. कानानं मिळेना तेव्हा डोळ्यानं सूर शोधत होते. पुढच्या ओळीला पुन्हा तेच, आता जरा जास्त. मागच्या रांगेत हालचाल झाली. मी उठायला लागलो, तर खांबाशी सुलभाताईंनी बोट वर केलं: थांबा. आणि काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान हलवली आणि लांब धरायचं सोडून प्रत्येक शब्दाला छोटा छोटा सूर द्यायला लागल्या. छोटा बरा येतो, बुवा म्हणाले होते ना दुकानात. दहा मिनिटं त्या म्हातारीनं बुवांना बोट धरून चालवलं.

पूर्वरंग संपला. गजर सुरू झाला. मी हार घेऊन पुढे गेलो. बुवा वाकले. झेंडूच्या त्या मोठ्या हाराआड माझी दोन बोटं त्यांच्या कानाशी गेली. नळी निघाली. फुस्स. फुस्स. बसवताना एकदा निसटली. “नाही, साहेब. परत,” असं मनातल्या मनात ऐकलं आणि ती बसली. बुक्का लावला. बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं. वर पाहिलं तर बुवांचे डोळे एकदम उजळले होते, खोलीतला दिवा लागावा तसे.

मग मात्र मी कीर्तन ऐकलं. काय सांगू ते आख्यान! कौसल्येच्या महालातली ती घालमेल, दशरथाच्या येरझाऱ्या, आणि बाराला दोन मिनिटं असताना बुवांनी तो एक सूर लावला आणि धरून ठेवला. काकूंनीही धरला. न कापता, न बुडता, सगळा मांडव त्या एका सुरावर उभा राहिला. बाराचा ठोका पडला आणि गुलाल उधळला. पाळणा हलला. बायकांनी पाळणा म्हणायला घेतला.

आणि बुवा थांबले. चिपळी हातातच राहिली. पाळण्याच्या वेळी ते नेहमी टाळ्या वाजवत फिरायचे. त्या दिवशी एका जागी उभे राहून ऐकत राहिले. शेवटपर्यंत. मग हात वर करून शांत केलं आणि म्हणाले, “माउल्यांनो, दुसऱ्या कडव्यात चुकलात. चार वर्षं चुकत असाल, मला काय माहीत? यंदा ऐकू आलं!”

मांडवात एवढा हशा पिकला, की मागचे ते दोघेही हसले. खांबाशी सुलभाताई डोळ्यात गुलाल गेल्यासारखे डोळे पुसत होत्या. गुलाल त्या बाजूला आलाच नव्हता.

सुंठवडा वाटताना बुवांनी त्यांचा मोबाइल माझ्यापुढे धरला. कंपनीचा संदेश आपोआप आला होता, सणाच्या शुभेच्छांसकट: ‘आमच्या सेवेने आपले समाधान झाले का? एक ते पाच तारे द्या.’

“हे काय मागतंय रे?”

“काही नाही, बुवा. समाधान झालं का विचारतंय.”

बुवांनी बायकांच्या गर्दीत सुलभाताईंना शोधलं. द्रोणातला सुंठवडा त्या शेजारच्या म्हातारीला भरवत होत्या आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी विचारत होत्या.

“त्याला कळव,” बुवा म्हणाले, “विचारणारी येऊन विचारून गेली.”

कंपनीला मी कळवलं, की लॅपटॉप बाहेर गेला तो माझ्या सांगण्यावरून. समजपत्र दिलेलं नाही, देणार नाही. त्यांनी आमचं दुकान तक्त्यात तळाला टाकलं. वर्षभरानं पाटी काढून नेली. पाटीबरोबर ती गोड बाईही गेली. सुलभाताई राहिल्या, आणि बुवा पुढं नऊ वर्षं रामजन्माला उभे राहिले, फेटा बोटभर वर बांधून. प्रत्येक वर्षी सव्वाअकराला हार मीच घातला.

फाइल मात्र अजून आहे. दुकानात आता चौघंजण कामाला आहेत, तपासणीची खोली सुलभाताईंकडे. कुणी नवीन कामाला लागलं की पहिल्या दिवशी मी ती फाइल त्याच्या हातात देतो आणि शेवटून उघडायला सांगतो. शेवटचं पान म्हणजे तो कागद. निळ्या शाईतले आकडे, बाणाची खूण, आणि खाली, ‘कीर्तन. फेटा वर. घाम: सव्वाअकरा.’

परवा लागलेल्या मुलीनं ते वाचलं आणि विचारलं, “सर, या कागदाला पुढची बाजू पण आहे. त्याच्यावर काय आहे?”

“पुढच्या बाजूला मी आहे,” मी म्हणालो. “ती नंतर वाच.”